नागार्जुनाची टेकडी आणि सूक्ष्माचा इतिहास

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले की मनसर लागते आणि तेथून उजवीकडे वळले की रामटेक. या एवढ्याशा परिसरावर स्मृतींची दाटी फार. रामाचे देऊळ आहे, वा. वि. मिराशी यांनी ज्या टेकडीला 'मेघदूता'तील रामगिरी ठरविले ती टेकडी आहे, वाकाटकांची राजधानी येथेच कोठेतरी होती असे सांगणारे अवशेष आहेत. आणि शिवाय नागार्जुन आहे. रामटेकजवळ त्याच्या नावाची टेकडी आजही दाखविली जाते. विदर्भातील बौद्ध परंपरेला तो महायान पंथाचा थोर आचार्य म्हणून जवळचा वाटतो, तर वैद्यपरंपरेला पाऱ्याचा आणि भस्मांचा सिद्ध म्हणून.

गेल्या वीसेक वर्षांत या दुसऱ्या नागार्जुनाला एक नवी पदवी मिळाली आहे. स्मरणिकांतून, व्याख्यानांतून आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या ढकलसंदेशांतून त्याला 'जगातील पहिला नॅनोशास्त्रज्ञ' म्हटले जाते. धातूचे भस्म म्हणजे नॅनोकण, नागार्जुनाने भस्मे केली, म्हणून नॅनोतंत्रज्ञान आपलेच, असा हा तर्क आहे. प्रयोगशाळेतील मंडळी त्यावर हसून पुढे जातात आणि अभिमानी मंडळी त्या हसण्याने दुखावतात. प्रश्न मात्र दोघांच्याही मधे तसाच पडून राहतो. हा प्रश्न मुळात इतिहासाचा आहे, आणि इतिहासाच्या पद्धतीनेच तो सोडविण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे.

नागार्जुन किती?

पहिली अडचण नावापासूनच सुरू होते. 'शून्यता' या संकल्पनेची तर्कशुद्ध मांडणी करणारा माध्यमिक मताचा नागार्जुन साधारणपणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ठेवला जातो. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग दक्षिण कोसलाच्या वर्णनात त्याची कथा सांगतो. डोंगर कोरून विहार बांधताना सातवाहन राजाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा नागार्जुनाने दगडांवर औषधी रस शिंपडून त्यांचे सोने केले, अशी ती कथा. म्हणजे तत्त्वज्ञाच्या अंगावर किमयागाराची वस्त्रे सातव्या शतकापर्यंत चढली होती.

अकराव्या शतकातील अल्-बिरुनी आणखी वेगळेच सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे रसविद्येचा नागार्जुन सोमनाथजवळच्या दैहक किल्ल्याचा रहिवासी असून तो आपल्या सुमारे शंभर वर्षे आधी होऊन गेला. हे खरे मानले तर तो दहाव्या शतकातला ठरतो, आणि त्याचा विदर्भाशी संबंध उरत नाही. ग्रंथांची अवस्थाही अशीच गुंतागुंतीची आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ आणि १९०९ साली दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात नागार्जुनाचा 'रसरत्नाकर' म्हणून ज्या ग्रंथाची चर्चा केली, तो ग्रंथ वस्तुतः 'रसेंद्रमंगल' असल्याचे डोमिनिक वुजास्टिक यांनी १९८४ साली दाखवून दिले. अभ्यासकांनी वर्षानुवर्षे ज्याचे नाव घेतले, तो ग्रंथ त्या नावाने आणि त्या रूपात नव्हताच.

मनसरच्या उत्खननाची कथाही येथे आठवावी लागते. बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या पुढाकाराने, भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांच्या प्रेरणेने आणि जगत्पती जोशी व ए. के. शर्मा या पुरातत्त्वज्ञांच्या मार्गदर्शनाखाली १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे मोठे उत्खनन झाले. नागार्जुनाचा शोध हा त्यामागचा एक ध्यास होता. हाती आले ते अतिशय मोलाचे होते. पण हान्स बाकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यातील मुख्य वास्तूचा संबंध वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या प्रवरेश्वर या शिवमंदिराशी जोडला. एकाच टेकाडात एकाला विहार दिसतो, दुसऱ्याला देवालय. हा वाद येथे मिटवावयाचा नाही. 'नागार्जुन' हे एका माणसाचे नाव राहिले नसून अनेक शतकांच्या कर्तृत्वाला लावलेली ती एक नाममुद्रा झाली आहे, एवढेच लक्षात घ्यावयाचे आहे. तेव्हा विचारावयाचे असेल तर नागार्जुनाने काय केले असे न विचारता, त्याच्या नावावर जमा झालेल्या परंपरेने काय केले असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देता येते.

भस्म म्हणजे काय?

वाग्भटाच्या नावावर असलेला 'रसरत्नसमुच्चय' हा साधारण तेराव्या शतकातील ग्रंथ या परंपरेचा उत्तम साक्षीदार आहे. त्यात रसशाळा कशी असावी, अग्निकर्म आग्नेय दिशेस का असावे, मुशी कोणत्या मातीच्या कराव्यात, कोणत्या कामाला कोणते यंत्र वापरावे, याचे बारकाईने वर्णन येते. धातूचे भस्म करण्याची रीत थोडक्यात अशी. प्रथम शोधन: धातूचे पातळ पत्रे तापवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी, कुळथाचा काढा यांत पुन्हा पुन्हा विझवावयाचे. मग मारण: पारा, गंधक किंवा वनस्पतींचा रस घालून ते खलात घोटावयाचे, या घोटण्याला भावना म्हणतात. नंतर त्याच्या चकत्या करून, वाळवून, दोन शरावांमध्ये ठेवून, सांधा कापडमातीने लिंपून, खड्ड्यात गोवऱ्यांच्या आगीत पुट द्यावयाचे. थंड झाले की काढून पुन्हा घोटावयाचे, पुन्हा पुट. अभ्रकाचे भस्म शंभर पुटांचे आणि हजार पुटांचेही सांगितले आहे.

भस्म झाले की नाही हे ओळखण्याच्या कसोट्या तर या परंपरेचा सर्वांत विलोभनीय भाग आहे. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळले असता भस्म बोटांच्या रेषांत भरले पाहिजे, हे रेखापूर्ण. संथ पाण्यावर टाकले तर तरंगले पाहिजे; हे वारितर. त्या तरंगत्या थरावर धान्याचा दाणा ठेवला तरी तो बुडता कामा नये, हे ऊनम. उन्हात पाहिले तर धातूची चमक दिसू नये, हे निश्चंद्र. गूळ, गुंज, मध, तूप आणि टाकणखार या मित्रपंचकाबरोबर तापविले तरी मूळ धातू परत येऊ नये, हे अपुनर्भव. यंत्रे नसलेल्या काळात केवळ बोट, पाणी, ऊन आणि आग यांच्या साहाय्याने उभारलेली ही परीक्षापद्धती आहे. 'परत येऊ नये' ही शेवटची कसोटी तर पदार्थाचे रूप बदलले की गुणही बदलला, या प्रश्नाला थेट हात घालते.

सत्तावन्न नॅनोमीटर

आता आधुनिक मोजमापाकडे वळू. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. मराठीत यासाठी 'अब्जांश' हा सुरेख शब्द रूढ होऊ पाहत आहे. एक ते शंभर नॅनोमीटर आकाराच्या कणांना साधारणपणे नॅनोकण म्हणतात. इतक्या लहान प्रमाणावर पदार्थाचा स्वभाव पालटतो. कारण समजण्यास अवघड नाही. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठफळ सहाशे चौरस मीटर होते. वजन तेवढेच, पण 'उघड्यावर' असलेले अणू कितीतरी अधिक. म्हणून असे कण अधिक क्रियाशील होतात. काही धातूंचे तर प्रकाशाशी नातेच बदलते आणि सोने लाल दिसू लागते.

सुवर्णभस्माची या दृष्टीने केलेली एक तपासणी २००७ साली 'गोल्ड बुलेटिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियातील संशोधकांबरोबर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील किशोर पाकणीकर हेही तिच्या लेखकांत होते. भस्मातील सोन्याच्या स्फटिककणांचा सरासरी आकार सुमारे ५७ नॅनोमीटर आढळला. मात्र याच निबंधाच्या शीर्षकात सुवर्णभस्माला सूक्ष्मकणरूप, म्हणजे मायक्रोमीटरच्या प्रमाणातील पदार्थ म्हटले आहे. कारण हे स्फटिककण एकमेकांना चिकटून मोठे पुंजके करतात. आणखी एक गोष्ट अशी की भस्मातील सोने धातुरूपातच होते. रंग विटकरी, चकाकी गेलेली, परंतु आत सोने ते सोनेच.

याचा अर्थ दावा खरा ठरला काय? अर्धा ठरला. खल आणि पुट यांच्या त्या दीर्घ प्रक्रियेतून नॅनो आकाराचे स्फटिक तयार होत होते, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण करणाऱ्याला ते ठाऊक होते काय, हा दुसरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कसोट्यांतच दडलेले आहे. बोटावरील दोन रेषांमधले अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असते, म्हणजे पाच लाख नॅनोमीटर. त्या खाचेत ५७ नॅनोमीटरचा कण जसा बसेल, तसा त्याच्या शंभर पट मोठा कणही बसेल. बोटाला त्यांतील फरक कळणार नाही. पाण्यावर तरंगणे हे पृष्ठताणाचे काम आहे. न भिजणारी कोणतीही बारीक पूड तरंगते. या कसोट्या 'पुरेसे बारीक' एवढेच सांगतात. किती बारीक, हे त्या सांगू शकत नाहीत आणि तसा त्यांचा दावाही नाही. दावा आपण त्यांच्या तोंडी घातला आहे.

कवडशातील धूळ

मग सूक्ष्माची कल्पना आपल्याकडे नव्हती काय? होती, आणि फार सुंदर होती. झरोक्यातून आलेल्या कवडशात तरंगताना दिसणारा धूलिकण म्हणजे त्रसरेणू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनमापांची गणना येथूनच सुरू होते. दिसू शकणाऱ्या मापांतील हे पहिले माप. वैशेषिकांनी याच कणापासून अनुमान केले. जे डोळ्यांना दिसते ते अवयवांचे बनलेले असते. त्रसरेणू दिसतो, म्हणून त्यालाही अवयव असले पाहिजेत. त्या अवयवांचेही अवयव, आणि अखेर परमाणू. तर्क म्हणून ही उडी थोर आहे. परंतु त्रसरेणू हे डोळ्यांचे माप होते आणि परमाणू हे बुद्धीचे अनुमान. या दोहोंच्या मधला प्रदेश, म्हणजे नेमका आजच्या नॅनोकणांचा प्रदेश, कोणाच्याही मापाखाली आला नव्हता.

तो आला तेव्हा कवडशाच्याच मार्गाने आला, हा इतिहासातील एक हृद्य योगायोग आहे. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची लाल द्रावणे केली आणि त्या लालीचे कारण कणांचा लहानपणा असावा असे सुचविले. ते कण त्यांना दिसले नव्हते. १९०३ च्या सुमारास येना येथे सिडेंटॉफ आणि झिगमाँडी यांनी अतिसूक्ष्मदर्शक बनविला. त्याचे तत्त्व एवढेच की प्रकाशाचा प्रखर झोत बाजूने सोडावयाचा आणि काळोखी पार्श्वभूमीवर कणांनी विखुरलेले प्रकाशबिंदू पाहावयाचे. अंधाऱ्या माजघरात कवडशातली धूळ दिसते ती याच न्यायाने. काचेला लाल करणारे सोन्याचे कण झिगमाँडींना असे मोजता आले. १९२५ सालचा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यांना कलिलांवरील कार्यासाठी मिळाला. पुढे १९३१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पाया घातला गेला, १९५९ साली रिचर्ड फाइनमन यांनी अतिलघूच्या जगात भरपूर जागा रिकामी असल्याचे प्रसिद्ध व्याख्यान दिले, आणि 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी १९७४ साली योजला. म्हणजे शब्द अर्ध्या शतकाचा, मोजमाप सव्वाशे वर्षांचे, आणि वस्तू मात्र हजारो वर्षांची.

ही विसंगती एकट्या भारताची नाही. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात लायकर्गसचा चषक म्हणून चौथ्या शतकातील एक रोमन काचपात्र आहे. समोरून प्रकाश पडला तर ते हिरवे दिसते, आतून प्रकाश आला तर लाल. काचेत सोन्याचांदीचे नॅनोकण आहेत म्हणून असे होते. २००६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी सतराव्या शतकातील एका दमास्कसी तलवारीच्या पोलादात कार्बनच्या नॅनोनलिका आढळल्याचे 'नेचर'मध्ये नोंदविले. अशा तलवारींचे पोलाद दक्षिण भारतातून जात असे. रोमन काचकाराला किंवा त्या लोहाराला आपण नॅनोशास्त्रज्ञ म्हणत नाही. उत्तम कारागीर म्हणतो, आणि त्यात कोणताही कमीपणा मानत नाही. मग भस्म करणाऱ्या वैद्याला कारागीर म्हणण्यात आपल्याला उणेपणा का वाटावा?

काजळ आणि कज्जली

साहित्याच्या अभ्यासकाला तर याहून जवळचे उदाहरण घरातच सापडते. पारा आणि गंधक एकत्र घोटले की जी काळीभोर पूड होते तिला रसशास्त्रात कज्जली म्हणतात, कारण ती काजळासारखी दिसते. काजळ म्हणजे दिव्याची काजळी. तिचे मूळ कण काही दशक नॅनोमीटरचे असतात. हे काजळ बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ घोटले की शाई होते. डिंक प्रत्येक कणाभोवती आवरण करतो, कणांना एकमेकांना चिकटू देत नाही आणि तळाशी बसू देत नाही. आजचा रसायनज्ञ नॅनोकणांचे द्रावण स्थिर ठेवण्यासाठी असाच एखादा आवरणद्रव्याचा उपाय करतो. त्यासाठी कधीकधी डिंकही वापरतो.

वऱ्हाडात रिद्धपूर आणि त्याच्या आसपास महानुभाव लेखकांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या पोथ्या उतरविल्या, सकळ लिपीत दडविल्या, मठांतून जपल्या, त्यांचे प्रत्येक अक्षर अशा कणांनी लिहिले गेले आहे. मराठी गद्याचा सर्वांत जुना ठेवा नॅनोकणांनी टिकविला असे उद्या कोणी म्हटले तर ते शब्दशः खोटे ठरणार नाही. परंतु त्या वाक्याने 'लीळाचरित्र' एका ओळीनेही अधिक कळत नाही, आणि शाई घोटणाऱ्या अनामिक हातांविषयीही काही कळत नाही. पदवी मोठी झाली म्हणजे ज्ञान वाढले असे होत नाही.

अमरावतीची बुरशी

विदर्भाला नॅनोचा इतिहास हवा असेल तर तो अगदी अलीकडच्या काळात, कागदोपत्री आणि तारीखवार उपलब्ध आहे. शतकाच्या आरंभी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी बुरशीच्या साहाय्याने धातूंचे नॅनोकण बनवीत होते. त्याच दिशेने संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागात महेंद्र राय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चांदीच्या नॅनोकणांवर काम केले. अलका यादव आणि अनिकेत गाडे यांच्यासह त्यांनी २००९ साली लिहिलेला, चांदीचे नॅनोकण हे जंतुनाशकांची नवी पिढी म्हणून कसे उपयोगी पडतील याचा आढावा घेणारा निबंध जगभर उद्धृत झाला. केंद्र सरकारने २००७ मध्ये पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपयांची नॅनो मोहीम मंजूर केली, तोच हा काळ.

रीत साधी आहे. बुरशी वाढवावयाची, धुऊन पाण्यात ठेवावयाची, ते पाणी गाळून त्यात सिल्व्हर नायट्रेट घालावयाचे. काही काळाने द्रावण तपकिरी होते. बुरशीने सोडलेली द्रव्ये चांदीचे आयन धातुरूपात आणतात आणि तिची प्रथिने कणांना आवरण घालतात. वनस्पतीच्या रसात धातू घोटणाऱ्या वैद्याला हे दृश्य अगदीच परके वाटले नसते. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. तपकिरी रंग आला म्हणून येथे कोणी थांबत नाही. सुमारे ४२० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ प्रकाश शोषला जातो काय ते पाहतात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आकार मोजतात, जंतूंवर परिणाम तपासतात, आणि कृती अशी लिहून ठेवतात की दुसऱ्या गावचा, दुसऱ्या भाषेचा माणूस ती करून पाहील आणि हवी तर खोटीही ठरवील. खोटे ठरविण्याची मुभा ही या विद्येची खरी कसोटी आहे. आपल्या जुन्या 'अपुनर्भव' कसोटीतही तिचे बीज होते. ते वाढले नाही.

का वाढले नाही, याचे उत्तर आचार्य राय यांनी शतकापूर्वीच देऊन ठेवले आहे. जातिव्यवस्थेने हाताचे काम खालच्या मानलेल्या जातींकडे सोपविले आणि विचार करणारे डोके त्या हातांपासून तोडले, असे त्यांचे निदान होते. शराव करणारा कुंभार, पत्रे ठोकणारा कारागीर, दिवसच्या दिवस खल चालविणारा परिचारक यांची नावे कोठेही नाहीत. सारे श्रेय 'नागार्जुन' या एका नाममुद्रेखाली गेले. आज आपण त्याच नाममुद्रेवर 'नॅनोशास्त्रज्ञ' असा नवा शिक्का मारतो, तेव्हा ते अनामिक हात दुसऱ्यांदा पुसले जातात.

दाव्याची किंमत

हे सारे केवळ शब्दांचे भांडण असते तर एवढे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसराच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या सत्तर आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी रॉबर्ट सेपर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. त्यांपैकी चौदांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिसे नॅनो झाले म्हणून निर्विष होत नाही. कण लहान झाला की तो शरीरात कोठवर पोचेल आणि किती विरघळेल याचे गणितच बदलते, म्हणून तपासणी अधिक कडक हवी. अशुद्ध किंवा अर्धकच्चे भस्म विषासारखे आहे असे रसग्रंथ स्वतःच बजावतात. परंपरेचा खरा वारसदार त्या इशाऱ्याला मान देईल. 'हे तर नॅनो आहे' या घोषणेने तो इशारा झाकला जातो, आणि गुडघेदुखीने बेजार झालेला एखादा वृद्ध मनुष्य निःशंकपणे पुडी उघडतो.

नागार्जुनाच्या तत्त्वज्ञानाचे मर्म, शून्यतेलाही चिकटून बसू नका, असे सांगितले जाते. ज्या आचार्याने आपल्या सिद्धान्ताचीदेखील मूर्ती होऊ नये म्हणून काळजी घेतली, त्याचीच आपण पुन्हा पुन्हा मूर्ती करतो. कधी सोने करणारा सिद्ध म्हणून, कधी पहिला नॅनोशास्त्रज्ञ म्हणून. रामटेकच्या परिसरातील टेकडी त्याच्या नावाने ओळखली जाते, ते राहू द्यावे. त्याच्या नावावर जमा झालेल्या भस्मांना मात्र अमरावतीच्या द्रावणाला लावली तीच फूटपट्टी लावावी, आणि ती जे सांगेल ते आपल्या बाजूचे असो वा नसो, लिहून ठेवावे.